तिसऱ्या खेपेचे मलम

१३ मार्च १९५८, गुरुवार

नवी चप्पल चावली. डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला फोड आला आणि फुटला. घरात मलम नव्हते, म्हणून नाइलाजाने तुकोजीच्या दुकानी गेले. नाइलाज हा शब्द मुद्दाम लिहून ठेवते आहे.

तुकोजी जगदाळे हा माझ्या यजमानांकडे चौदा वर्षे कंपाउंडर होता. ते चार वर्षांपूर्वी गेले. पुढच्या सहा महिन्यांत याने राजवाड्यामागच्या आमच्याच बोळाच्या तोंडाशी दुकान थाटले. दवाखान्यातले काचेचे कपाट मीच त्याला देऊन टाकले होते. नेऊन त्यात भांडी ठेवील, अशी माझी समजूत. त्याने त्यात यजमानांच्या नुसख्यांची औषधे मांडली. याचे वडील होळकरांच्या फौजेत घोड्यांच्या जखमा बांधत. मुलगा आता माणसांच्या बांधतो आणि लोक त्याला ‘डॉक्टरजी’ म्हणतात. तो एकदाही कोणाला थांबवत नाही.

माझ्या पुढे देपालपूरचा एक शेतकरी होता, त्याच्या कानात ठणका. तुकोजीने कान पाहिला, तीन प्रश्न विचारले, थेंब दिले. मग एक बाई जुलाब लागलेले मूल घेऊन. त्याची जीभ पाहिली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, पुड्या बांधल्या. पदवी नाही, पाटी नाही, लाज नाही. पाटी आहे म्हणा एक. गल्ल्यावर खडूने लिहिले आहे: ‘दो बार हम, तीसरी बार डॉक्टर.’ म्हणजे एकाच दुखण्याला हा दोनदा औषध देणार, तिसऱ्यांदा नाही. गिऱ्हाइकावर छाप पाडायची युक्ती.

“बाईसाहेब, खुद आलात? सखूला भेजायचं ना!”

“मला पाय आहेत,” मी म्हटले.

“तेच दाखवा.”

त्याने वाकून बोट पाहिले. “दुखतंय किती?”

“अजिबात नाही.”

“दुखत नाही?” त्याने मान वर करून पुन्हा विचारले. “एवढं सोललंय आणि दुखत नाही?”

मी काही फोडावरून गळा काढणाऱ्यांतली नव्हे, हे त्याला सुनावले. मलमाची डबी घेऊन आले. मलम यजमानांच्याच नुसख्याचे आहे, वासावरून ओळखले. तेव्हा ते त्याच्याकडून घेण्यात कमीपणा नाही.

२० मार्च

औषध निरीक्षकाकडे रीतसर तक्रार करायची असे ठरवले आहे. कलम पहिले: सदर इसम डॉक्टर नसता रोग्यांना तपासतो. कलम दुसरे: लोक त्याला डॉक्टर म्हणतात आणि तो ते खपवून घेतो. पुण्याला १९३१ साली मी बी.एस्सी. झाले, रसायनशास्त्र घेऊन. बावीस वर्षे मुलींना विज्ञान शिकवले. तक्रार लिहायला मला वकील लागत नाही.

शेजारच्या प्रमोदिनीबाईंकडे सहीसाठी गेले. त्या म्हणाल्या, “अहो इंदुताई, पण आमच्या ह्यांचा खोकला त्यांनीच तो ठीक केला!”

“‘त्यांनीच तो’ नाही, ‘त्यांनीच’. आणि खोकला आपोआप बरा होतो.”

“डॉक्टरकडे चार महिने आपोआप नाही झाला,” असे पुटपुटत त्यांनी सही केली. माझ्यासमोर नाही म्हणायची त्यांची छाती नाही. ही त्यांची एक चांगली बाजू आहे.

२५ मार्च, मंगळवार

फोड भरला नाही. दुसरी डबी आणायला गेले. तुकोजीने लांबट वही काढली आणि माझे नाव लिहिले. म्हणजे ‘डॉक्टरीणबाई’ असे लिहिले, वाचता आले. पुढे ‘दुसरी खेप’.

“पाणी किती पिता बाईसाहेब?”

“इंदूरच्या मार्चमध्ये माणसे पाणीच पितात.”

“रात्री उठावं लागतं? कितीदा?”

दुकानात चार माणसे उभी होती. मी म्हटले, “तुकोजी, चौदा वर्षे तू पडद्यामागे औषध घोटत होतास. पडद्यापुढचे प्रश्न तुला कोणी शिकवले?”

त्याचा चेहरा जरासा लाल झाला. “पडद्याला कान थोडेच नसतात?” म्हणाला, आणि डबी दिली.

कलम पहिल्यात ही वाक्ये घालायला हवीत.

२ एप्रिल

गोविंद शिंप्याने चारही पोलकी सैल शिवली आहेत. तीच मापे, तोच माणूस, वीस वर्षे. त्याला बोलावून झापले. तो म्हणतो, पोलकी जुनीच आहेत, मागच्या दिवाळीची. आजकाल प्रत्येक जण उलट उत्तर देतो.

मोरीत मुंग्यांची रांग. कामवाल्या सखुबाईला विचारले, गुळाचे भांडे मोरीत कोणी धुतले? “म्या नाय जी, मोरीत गूळ कशाला नेऊ?” म्हणते. मग मुंग्या काय न्हायला येतात?

४ एप्रिल, शुक्रवार

आजचा प्रकार सविस्तर लिहिते. पुढे कामी येईल.

तिसरी डबी मागितली. तुकोजीने वही उघडली, मिटली आणि म्हणाला, “नाही मिळणार.”

“का?”

त्याने बोटाने पाटी दाखवली.

“ती पाटी देपालपूरच्या लोकांसाठी आहे.”

“पाटीवर गाव लिहिलं नाही, बाईसाहेब. तीन हफ्त्यांत चप्पल चावल्याचं भरत नाही म्हणजे ते चपलेचं नाही. मला शुगरचा शक आहे. डॉक्टरला दाखवा. आजच्या आज दाखवा.”

भर दुकानात! मागे एक म्हातारा होता, तो “च् च्” करायला लागला. मी म्हटले, मला मधुमेह असता तर मला कळला असता. तुकोजीने कपाटातून एक लहान शिशी काढली. आत निळे द्रावण.

“ठीक आहे, माझं ऐकू नका. तुम्ही तो केमिस्ट्रीवाल्या. हे घरी उकळा, लघवीचे आठ थेंब टाका, रंग बघा. रंगाला तर डिग्री लागत नाही ना?”

बेनेडिक्टचे द्रावण. मी ते मुलींना दरवर्षी करून दाखवत असे. ग्लुकोजचे पाणी टाकले की निळ्याचे हिरवे, मग पिवळे, शेवटी विटकरी, मुली ओरडत. आणि आता एक कंपाउंडर मला गृहपाठ देतो!

शिशी घेतली, ती केवळ तिथे आणखी बोलणे वाढू नये म्हणून. लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली आहे. तिला मी हात लावणार नाही.

९ एप्रिल

त्याची पाटी म्हणते, एकाच्या दुखण्याला दोनदा. ठीक. सखुबाईला पाठवले. तिच्या टाचा भेगाळलेल्या आहेतच. खोटे काही नाही. त्याने टाचा पाहिल्या आणि डबी दिली. डबी माझ्याकडे आली. सखुबाईला मी टाचांसाठी कोकमाचे तेल दिले. ते जास्त चांगले.

१४ एप्रिल

आज प्रमोदिनीबाई. त्यांना सांगून ठेवले होते की फोड पाठीवर आहे म्हणायचे, म्हणजे दाखवावा लागणार नाही.

“अहो, मला तो हसूच येत होतं,” त्या डबी देताना म्हणाल्या. “ते विचारतात, केवढा आहे? मी म्हटलं, बोराएवढा. मग म्हणाले, लिंबाएवढा झाला तर या. इंदुताई, पण तुम्ही एकदम उतरल्यात हं. दिखवून का नाही घेत?”

“दाखवून.”

“तेच. दाखवून.”

तिसरी आणि चौथी, दोन्ही डब्या त्याच्याच कायद्याने मिळवल्या. कायदा करणाऱ्याने भोके ठेवू नयेत.

२१ एप्रिल, सोमवार

दुपारी तुकोजी दारात. चप्पल बाहेर काढून उभा. मी आत घेतले नाही.

“सखूच्या टाचा आणि प्रमोदिनीबाईंची पाठ, दोन्हीचं मलम एकाच बोटाला लागतंय ना?” म्हणाला.

“तुझ्या दुकानातून बाहेर पडलेली डबी कुठे जाते, हे पाहायचा तुला अधिकार नाही.”

“अधिकार नाही, पण डर आहे. पाय दाखवा. इथंच, उंबऱ्यावर. मी हात नाही लावत.”

मी दार लोटू लागले. तेव्हा तो जे बोलला ते जसेच्या तसे लिहिते. “बाईसाहेब, ती पाटी माझी नाही. साहेबांची आहे. तुम्ही दवाखान्यात आला असतात तर पाहिली असती, कपाटाच्या दाराला आतून लिहिलेली. मालोजी मिस्त्रीची बायको तीन बाटल्या घेऊन गेली पोटदुखीच्या, साहेब देत गेले, मी भरत गेलो. चौथ्या दिवशी तिला उचलून आणली. साहेब रात्रभर बसले तिच्याजवळ. सकाळी ती गेली, तेव्हा कपाटावर लिहिलं त्यांनी. मला म्हणाले, तुक्या, मी विसरलो तर तू आठवण दे.”

मी म्हटले, मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येते. दार लावले.

कपाट चौदा वर्षे दवाखान्यात होते आणि मी दवाखान्यात कधी पाऊल टाकले नाही, हे खरे आहे. रोग्यांचा वास मला सहन होत नसे. पण याचा इथे काय संबंध?

तक्रार आजच टपालाने पाठवली. सतरा सह्या.

२८ एप्रिल

बोटाची कड काळी दिसते, शाई लागल्यासारखी. साबणाने निघाली नाही. दुखत मात्र अजूनही नाही, म्हणजे गंभीर काही नसावे. फार तहान लागते. माठ दिवसातून दोनदा भरावा लागतो. सखुबाई कुरकुरते.

मला वाटते मलमातच काही दोष आहे. निरीक्षकांना दुसरे पत्र टाकले. कलम तिसरे: सदर इसमाच्या मलमाने अर्जदार बाईच्या पायास प्रत्यक्ष इजा झाली आहे. पुरावा म्हणून पाय हजर करता येईल.

आता खटला पक्का झाला.

६ मे, मंगळवार

बारा वाजता घरी आले तेव्हापासून लिहायला बसायचे टाळते आहे. पण टाळणे हा माझा स्वभाव नाही.

निरीक्षक आले होते. तरुण आहेत, मराठी बोलतात, उन्हाने त्रासलेले. दुकानापुढे बोळातली निम्मी मंडळी जमली. सह्या करणारे सतराही होते, पण सगळे मागे. तुकोजीने न सांगता वही पुढे केली. निरीक्षकांनी माझी पत्रे बाजूला ठेवली आणि वही मोठ्याने वाचू लागले. मोठ्याने वाचायची गरज नव्हती.

“तेरा मार्च. डॉक्टरीणबाई. डावा पाय, दुसरं बोट. दुखत नाही म्हणतात. मलम. पंचवीस मार्च, दुसरी खेप. पाणी फार. चार एप्रिल, तिसरी खेप. मलम दिलं नाही. शुगर तपासायला शिशी दिली. रागावल्या.”

कोणीतरी हसले.

“नऊ एप्रिल. सखुबाई. टाचा. चौदा एप्रिल. प्रमोदिनीबाई. पाठीवर फोड, बोराएवढा, पाहिला नाही.” त्यांनी वर पाहिले. “यातल्या प्रमोदिनीबाई कोण? तुमची तर तक्रारीवर सही आहे. पाठीचं काय झालं? मलमाने इजा झाली का?”

प्रमोदिनीबाई आधी पदर चावत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, “माझी पाठ तो एकदम ठीक आहे जी! मलम इंदुताईंच्या बोटाला नेलं. त्यांनीच सांगितलं. मी काय करणार? त्यांना ना म्हणून बघा तुम्ही एकदा!”

आता सगळेच हसले. तो ‘च् च्’ करणारा म्हातारासुद्धा.

निरीक्षक हसले नाहीत. ते माझ्याकडे दोन पावले आले आणि थांबले. नाकाशी रुमाल नेला, मग तो पुन्हा खिशात घातला. हळू आवाजात म्हणाले, “बाई, तक्रार राहू द्या जरा. तुमच्या पायाला वास येतोय.”

मला तो येत नव्हता. खरोखरच येत नव्हता. मी तुकोजीकडे पाहिले. त्याने मान खाली घातली. जिंकलेला माणूस असा दिसत नाही, आणि त्याचा मला जास्त राग आला.

घरी आले. पाच सी.सी. निळे द्रावण, आठ थेंब. परीक्षानळी हाताशी नव्हती, मुलींना शिकवताना वापरत होते ती एक काचेची जुनी नळी ट्रंकेत सापडली. स्टोव्हवर उकळत्या पाण्यात धरली. दोन मिनिटे म्हणून पाठ होते. तेवढी लागली नाहीत. हिरवे झालेले मी नीट पाहिलेसुद्धा नाही. पिवळे. मग विटकरी, आणि तळाशी साका.

एका प्रयोगाने काही सिद्ध होत नाही, हे मी मुलींना नेहमी सांगत आले. नळी धुतली आणि माठातले साधे पाणी आठ थेंब घालून उरलेले द्रावण उकळले. निळेच राहिले. द्रावण खराब नव्हते.

शिशीत नेमके दोन खेपांपुरते होते.

७ मे

इस्पितळात. सखुबाई टांग्यात सोबत होती. सर्जनने विचारले, इतके दिवस काय करत होता? मी म्हटले, अर्ज लिहीत होते. त्याला समजले नाही.

१० मे

दोन बोटे काढली. पाय राहील, म्हणतात. आणखी आठ दिवस थांबले असते तर घोट्यापर्यंत गेला असता. रोज इन्सुलिन.

२३ मे

इस्पितळाच्या पलंगावर लिहिणे कठीण. सखुबाई भाजी घेऊन येते. म्हणते, तुकोजी रोज सकाळी विचारतात, “बाईसाहेबांचा पाय है ना?” विचारू दे. त्याच्या विचारण्याने जखम भरत नाही.

भरते आहे मात्र. ती इन्सुलिनने.

१२ जून

घरी आले. काठी लागते. निरीक्षकांचे पत्र येऊन पडले आहे: तक्रार पुढे चालवायची की मागे घ्यायची, ते लेखी कळवावे. उत्तर लिहिले: “कलम तिसरे असत्य आहे. ते माझ्या चुकीने लिहिले गेले. कलम पहिले व दुसरे कायम.” तो डॉक्टर नसता रोग्यांना तपासतो, हे आजही खरे आहे. माझ्या पायाने ते बदलत नाही.

प्रमोदिनीबाई आल्या होत्या, डोळ्यांत पाणी काढून. “माफ करा हं इंदुताई, पण ते साहेब पुलिससारखे बघत होते.” मी त्यांना चहा दिला, बिनसाखरेचा. त्यांनी तो तोंड वाकडे करून संपवला. नाही म्हणायची छाती त्यांना अजून नाही. त्या दिवशी एकदा झाली तेवढीच.

१९ जून, गुरुवार

चार दिवस खोकला. इस्पितळ लांब आणि खोकला लहान. काठी घेतली, खोकल्याच्या मिश्रणासाठी घरची बाटली धुऊन घेतली, आणि बोळाच्या तोंडाशी गेले. रांगेत सहा माणसे. पुढचा सरकू लागला, “या ना माँजी, तुम्ही आगे या,” म्हणून. मी म्हटले, रांग रांग असते.

कपाट माझ्या डाव्या हाताला होते. दार अर्धे उघडे. आतल्या बाजूला, बाटल्यांच्या वर, निळ्या पेन्सिलीने लिहिलेले: ‘दोनदा आपण. तिसऱ्यांदा दुसऱ्याकडे.’ ‘दुसऱ्याकडे’मधला ‘ऱ्य’ यजमान कायम असाच पाय मोडून काढत. मी त्यांना त्यावरून बावीस वर्षे बोलत आले.

माझी पाळी आली. तुकोजीने वही उघडली, टाक बुडवला आणि चेहरा अगदी सरळ ठेवून विचारले, “खोकला कोणाला आहे बाईसाहेब? सखूला, का प्रमोदिनीबाईंना?”

मागून खिदळण्याचा आवाज आला. मी ते संपेपर्यंत थांबले.

“मला. माझ्या नावाने लिहा. डॉक्टरीणबाई नको. इंदुमती टेंबे.”

त्याने लिहिले. “कफ पडतो?”

“थोडा. पांढरा.”

“ताप?”

“नाही.”

“रात्री उठता?”

“दोनदा. आधी सहादा उठत होते.” मागे माणसे होती. होती तर होती.

मग पाय दाखवा म्हणाला. मी चप्पल काढली. त्याने वाकून पाहिले, बराच वेळ, आणि उठला. पाठ वळवून मिश्रण भरले, कागदाची पट्टी कापून बाटलीला चिकटवली, सहा डोसांच्या सहा खाचा. पट्टी किंचित तिरकी लागली. सांगितले तसे. त्याने ती ओली होती तोवर सोडवून पुन्हा लावली.

“साखर नाही घातली यात,” म्हणाला.

फार कडू आहे. खोकला तीन दिवसांत गेला नाही तर पुन्हा एकदा जाईन. तिसऱ्यांदा जाणार नाही.